ओळखींचा डाव मांडताना

‘लिंक्डइनवर नऊशे लोक जोडलेत, पण नोकरी बदलायची म्हटलं तर फोन नेमका कोणाला करायचा?’ ‘बिझनेस क्लबात वर्षभर नियमाने जातोय. घरी व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा झालाय, ऑर्डर एकही नाही.’ ‘भाषा शिकवणारं ॲप रोज स्ट्रीक टिकवायला लावतं. ओळखी वाढवण्यासाठी तसं काही करता येईल का?’ आणि हमखास येणारा चौथा प्रश्न: ‘ओळख काढून काम मागणं म्हणजे वशिलाच ना?’

चौथ्याचं उत्तर आधी देते, कारण तिथेच बरेच जण अडून बसतात. जागा निघाल्याचं तुम्हाला वेळेवर कळलं, तुमचा बायोडेटा योग्य माणसाच्या टेबलापर्यंत पोचला आणि तुमचं काम पाहिलेल्या कोणीतरी चार शब्द सांगितले, तर त्यात कोणाचाही हक्क मारला जात नाही. मुलाखत तुम्हालाच द्यायची असते. अपात्र माणसाला रांग मोडून आत घेतलं, तर ते चूकच. हा फरक लक्षात ठेवलात की पुढचं सगळं मोकळ्या मनाने करता येईल.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, येईल’ असं आहे. मात्र गुण कशाला द्यायचे हे चुकलं, तर उरलेल्या दोन तक्रारी आणखी वाढतात. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

खेळ कशासाठी आणि किती

ओळखी जपायचा कंटाळा येतो, याला कारण आहे. आज पाठवलेल्या निरोपाचं फळ आठ महिन्यांनी मिळतं, कधी मिळतच नाही, आणि मिळालं तरी ते कोणत्या निरोपाचं हे कळत नाही. अशा कामाला रोजची हजेरी लावणं भल्याभल्यांना जमत नाही. भिडस्त माणसाला तर मुळीच नाही. गुण, आठवड्याची साखळी, छोट्या मोहिमा आणि सोबतीला एक भिडू, या चार गोष्टींमुळे ‘आज एवढं झालं’ असं वहीत लिहिता येतं. खेळाचा उपयोग तेवढाच. तुमचं काम कच्चं असेल तर कुठलाही डाव ते झाकून नेणार नाही.

पाळायचा नियम एकच आहे. गुण फक्त तुमच्या हातात असलेल्या कृतीला द्या. निरोप पाठवणं तुमच्या हातात आहे, उत्तर येणं नाही. दोघांची गाठ घालून देणं तुमच्या हातात आहे, त्यांचं जमणं नाही. नोकरी, ऑर्डर, फॉलोअर, लाइक यांना गुण लावलेत की महिन्याभरात तुम्ही एक तर खट्टू होता, नाही तर लोकांच्या मागे लागता.

पायरी १: आधी यादी करा

वही घ्या किंवा गूगल शीट उघडा. मोबाइलमधले नंबर, जुन्या ऑफिसचा ग्रुप, कॉलेजची बॅच, माल पुरवणारे, गिऱ्हाइकं, शिकवणारे सर आणि मॅडम, सोसायटीतली माणसं असं सगळं चाळून चाळीसेक नावं लिहा. प्रत्येक नावापुढे एक अक्षर घाला:

- क: आठवड्यातून निदान दोनदा बोलणं होतं.
- ख: वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होतं, पण इतकं नियमित नाही.
- ग: वर्षातून एकदा किंवा तेवढंही नाही.

ही विभागणी माझी नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्यांच्याकडून कळलं त्यांच्याशी तुमची गाठ किती वेळा पडत होती. १९७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातलं उत्तर असं: नेहमी भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, क्वचित भेटणारे २७.८ टक्के. नमुना लहान होता, अवघ्या ५४ जणांचा. पण २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांतही नोकरी बदलण्यासाठी सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मध्यम पातळ ओळखी. अगदी घट्टही नाहीत आणि नावापुरत्याही नाहीत.

कारण उघड आहे. रोज तुमच्याबरोबर डबा खाणाऱ्याला जे माहीत, ते तुम्हालाही माहीत असतं. तीन वर्षांपूर्वी कंपनी सोडून तळेगावला गेलेल्याला वेगळं काहीतरी माहीत असतं.

तेव्हा तुमच्या डावातला भाव खाणारा गट ‘ख’. बहुतेकांच्या वहीत हाच गट सर्वांत मोठा असतो आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

पायरी २: गुणपत्रक

खालचं गुणपत्रक जसंच्या तसं घ्या किंवा आपल्या सोयीने बदला. फक्त देण्याला मागण्यापेक्षा जास्त गुण आहेत, तो तोल बिघडवू नका.

*मिळणारे गुण*

- ख गटातल्या माणसाला स्वतः लिहिलेला, काही कारण असलेला निरोप: ४
- क किंवा ग गटातल्या माणसाला तसाच निरोप: २
- नव्याने भेटलेल्या माणसाला दोन दिवसांच्या आत, काय बोलणं झालं त्याची आठवण देणारा निरोप: ३
- कोणाच्या उपयोगाची माहिती (निघालेली जागा, टेंडर, भाड्याने मिळणारा गाळा) न मागता पोचवणं: ४
- दोन माणसांची एकमेकांशी गाठ घालून देणं, दोघांनाही आधी विचारून: ६
- कोणी सल्ला दिला होता, त्याचं पुढे काय झालं हे त्याला कळवणं: ५
- स्पष्ट नकार मिळणं: ३

*शून्य गुण*

- लाइक, एका बोटाने पाठवलेलं ‘अभिनंदन’, ओळीशिवाय धाडलेली कनेक्शन रिक्वेस्ट
- सुप्रभातची चित्रं आणि सगळ्या यादीला एकदम गेलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा
- कार्ड घेणं आणि कार्ड देणं

*उणे गुण*

- पहिल्याच निरोपात नोकरी किंवा ऑर्डर मागणं: उणे ५
- ‘पाठवतो’, ‘बघतो’ म्हणून विसरणं: उणे ६
- कोणाचा नंबर त्याला न विचारता तिसऱ्याला देणं: उणे १०

आठवड्याचं लक्ष्य २० गुण पुरे. ख गटातले दोन निरोप, एक उपयोगी माहिती, एक ‘पुढे काय झालं’ आणि एक नवा माणूस किंवा एक नकार, एवढ्यात २० होतात. रविवारी सकाळी दीड-दोन तास काढलेत तर उरकतं. आणखी एक मर्यादा घालून घ्या: नकाराचे गुण सोडले, तर एका माणसाच्या नावावर महिन्यात एकदाच गुण. नाही तर गुणांसाठी एकाच भल्या माणसाला पिडलं जातं.

दोन ओळींबद्दल जरा थांबून सांगायला हवं.

‘पुढे काय झालं’ कळवायला ५ गुण का? आपल्याकडे सल्ला मागणारे भरपूर असतात. पाऊण तास फोनवर बोलून घेतात, आभारही मानतात आणि मग गायब. मुलाखत झाली का, घेतलेलं मशीन नीट चालतंय का, त्या बँकेने कर्ज दिलं का, काही कळत नाही. सल्ला देणाऱ्याला बदल्यात काही नको असतं, पण आपलं सांगणं उपयोगी पडलं का याची उत्सुकता असतेच. ‘तुम्ही सांगितलेल्या कोर्सला प्रवेश घेतला, पहिला पेपर झाला’ एवढी ओळ ज्याला मिळाली, तो पुढच्या खेपेला तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतो. नकार आला असेल तरी कळवा. ‘झालं नाही, पण दुसरी फेरी गाठली’ ही बातमीसुद्धा चालते.

नकार येणं आपल्या हातात नसतं, तरी त्याला अपवाद म्हणून गुण दिले आहेत; ती युक्ती कॅनडातल्या जेसन कॉमेली यांच्या खेळातून घेतली आहे. लोकांशी बोलायची भीती मोडावी म्हणून त्यांनी स्वतःलाच एक नियम घालून घेतला, की दिवसातून एकदा तरी कोणीतरी आपल्याला ‘नाही’ म्हटलं पाहिजे. पुढे त्यांनी त्याचे पत्ते काढले. कॉमेलींसारखा रोजचा नियम आपल्याला नको. पण ज्यांचं बोट ‘पाठवा’च्या बटणावर दहा मिनिटं थबकून राहतं, त्यांच्यासाठी हे ३ गुण फार कामाचे आहेत. निरोप गेला की ४ गुण, नकार आला तर वर ३. हरायची सोयच नाही.

निरोप कसा लिहायचा

गुणपत्रकातला निम्मा भार निरोपावर आहे, म्हणून एक नमुना. हा निरोप आपण सगळ्यांनी वाचलेला आहे:

‘हाय सर, कसे आहात? खूप दिवसांत बोलणं नाही. सर तुमच्याकडे काही ओपनिंग असेल तर प्लीज बघा ना. बायोडेटा जोडला आहे.’

वाचणाऱ्याला यातून तुम्ही नेमक्या कोण हे आठवत नाही, काय हवंय ते कळत नाही आणि ‘बघतो’ यापलीकडे उत्तर सुचत नाही. आता हा पाहा:

‘नमस्कार सर. २०१९मध्ये चाकणच्या प्लँटमध्ये तुम्ही क्वालिटीला होतात, तेव्हा मी तिथे ट्रेनी होते. गेज तपासायची तुमची पद्धत मी अजून वापरते. सध्या बॅटरी पॅकच्या टेस्टिंगकडे वळायचा विचार चालू आहे. तुमच्याकडे हे काम करणाऱ्या माणसाला आधी काय यावं लागतं, यावर पंधरा मिनिटं बोलता येईल का? शनिवारी सकाळी फोन करू शकते. सध्या गडबडीत असाल तर नंतर कधीही चालेल.’

ओळख पटली, खरी आठवण निघाली, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे आहे असा प्रश्न आला, वेळ ठरली आणि ‘आत्ता नको’ म्हणायला दारही उघडं ठेवलं. नोकरीचा शब्दसुद्धा नाही. जागा असेल तर बोलताना ते स्वतःच सांगतील. कदाचित तुम्हाला ठाऊक नसलेल्या दुसऱ्या कंपनीचं नाव सांगतील.

संबोधनाचंही भान ठेवा. जुन्या साहेबांना ‘सर’ म्हणत होतात तर आजही ‘सर’च म्हणा, तुमचं पद वाढलं म्हणून एकदम पहिल्या नावावर येऊ नका. ज्या ताईंना ताई म्हणत होतात, त्यांना लिंक्डइनवर ‘डिअर मॅडम’ केलंत तर त्यांना निरोप मशीनने लिहिल्यासारखा वाटेल. हल्ली तो खरंच मशीनने लिहिलेला असतो, आणि ओळखूही येतो. मसुदा एआयकडून करून घ्यायला हरकत नाही, पण त्यातली आठवण तुमची हवी.

पायरी ३: साखळी आठवड्याची ठेवा

ॲपमधली साखळी रोजची असते, कारण ॲपला तुम्ही रोज यायला हवे असता. माणसांशी असलेल्या ओळखींना रोज पाणी घालावं लागत नाही. आठवडा हेच माप धरा. गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, मार्च एंड यांसाठी वर्षाला आठ आठवड्यांची सुट्टी आधीच वहीत मांडून ठेवा. एखादा आठवडा चुकला तर शून्यावर येऊ नका. ‘४४पैकी किती झाले’ एवढंच मोजा. शून्यावर आलेला माणूस बहुधा खेळ सोडतो.

सणांचा उपयोग मात्र करून घ्या. दसऱ्याला किंवा संक्रांतीला चाळीस जणांना एकच चित्र ढकलण्याऐवजी ख गटातल्या पाच जणांना नाव घालून दोन ओळी लिहा. प्रत्येक निरोपाला ४ गुण. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या बायकांसाठी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू हा तयार मेळावाच असतो. वाण म्हणून आपल्याकडच्या उत्पादनाचा छोटा नमुना देणाऱ्या आता पुष्कळ दिसतात, पण कोण काय करते हे विचारून लिहून घेणाऱ्या कमी. पाच जणींची कामं विचारून आलात तर ती आठवड्याची मोहीम पूर्ण झाली समजा.

पायरी ४: भिडू निवडा

एकट्याने मांडलेला डाव तिसऱ्या आठवड्यात थंडावतो. भिडू हवा, तो असा:

- तुमच्या क्षेत्राबाहेरचा. त्याच जागेसाठी दोघांनी अर्ज केला की वही उघडी ठेवता येत नाही.
- नवरा, बायको किंवा त्याच साहेबाच्या हाताखालचा सहकारी नको.
- रविवारी पंधरा मिनिटं फोनवर येणारा. त्याने फक्त विचारायचं: किती गुण झाले, कोणता निरोप अडला, कोणाला काय द्यायचं राहिलं?

हरणाऱ्याने मिसळ खिलवायची, इतपत पैज ठीक. पैसे लावू नका. ॲपवर किंवा ग्रुपवर फी गोळा करून विजेत्याला रोख रक्कम द्यायचा बेत कोणी सुचवला, तर त्याला २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याची आठवण करून द्या; पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली आहे.

मेळाव्यात, परिषदेत, अधिवेशनात

कॉन्फरन्सला गेलं की आपण ओळखीच्या दोघांना गाठतो आणि दिवसभर त्यांच्याच टेबलाशी उभे राहतो. ही सवय छोट्या मोहिमेने मोडते. जाण्याआधी वक्त्यांची आणि सहभागींची यादी मिळवा, तीन नावं ठरवा, प्रत्येकासाठी एक प्रश्न लिहून न्या. तिघांशी बोलणं झालं की मोहीम संपली; मग खुशाल गुलाबजाम खा. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या द्वैवार्षिक अधिवेशनातही हेच करता येईल. हजारोंच्या गर्दीत ‘बघू कोण भेटतं ते’ म्हणून गेलात तर शेजारच्या गल्लीतलंच कोणीतरी भेटतं.

बोलायला उत्तम जागा म्हणजे चहाचं टेबल आणि जेवणाची रांग. वाईट जागा म्हणजे नुकताच उतरलेल्या वक्त्याभोवतीचं कोंडाळं.

तुम्ही संयोजक असाल तर नऊ चौकोनांचं बिंगो कार्ड छापा. चौकोनांत असं काही लिहा:

- यंदा पहिल्यांदाच आलेली व्यक्ती
- गेल्या वर्षभरात क्षेत्र बदललेली
- जिल्ह्याबाहेर माल पाठवणारी
- सरकारी टेंडर भरलेली
- सध्या माणसं शोधत असलेली
- तुम्हाला न येणारं सॉफ्टवेअर वापरणारी
- दहा वर्षांहून जास्त काळ एकच धंदा करणारी
- जिची अडचण तुम्ही सोडवू शकाल अशी
- जी तुमची अडचण सोडवू शकेल अशी

एका चौकोनात एकच नाव, एक नाव एकदाच, वेळ पंचवीस मिनिटं. बक्षीस सर्वांत आधी कार्ड भरणाऱ्याला देऊ नका, नाही तर लोक पेन पुढे करत सह्या गोळा करत सुटतात. माइकवर येऊन तीन नव्या माणसांची ओळख जो नीट करून देईल, बक्षीस त्याला.

कार्डावर वय, पगार, लग्न, मूळ गाव आणि आडनाव यांवरचे चौकोन नकोत. ‘गाव कुठलं तुमचं?’ हा प्रश्न आपल्याकडे कधीकधी कोणत्या चौकशीसाठी विचारला जातो, ते विचारणारा आणि ऐकणारा दोघंही जाणून असतात.

क्लब आणि प्लॅटफॉर्म: तिथे डाव आधीच मांडलेला असतो

आयव्हन मिझनर यांनी १९८५मध्ये सुरू केलेल्या बीएनआयसारख्या संस्थांत प्रत्येक गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो, बैठकीला हजेरी लागते आणि दिलेल्या रेफरलची, झालेल्या धंद्याची नोंद राहते. मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लबसारखी व्यासपीठंही आहेत. गिऱ्हाईक स्थानिक असणाऱ्यांना, म्हणजे इंटिरिअरवाले, विमा सल्लागार, प्रिंटिंगवाले, केटरर यांना अशा गटांचा चांगला उपयोग होतो. ज्याचे ग्राहक जर्मनीत आहेत अशा सॉफ्टवेअरवाल्याला तितका होईल असं मला वाटत नाही. पाहुणे म्हणून दोनदा जा आणि पैसे भरण्याआधी हे विचारा:

- वर्षाची सगळी मिळून रक्कम किती? नाश्ता, हॉल आणि कार्यक्रमांची वर्गणी धरून?
- किती गैरहजेरी चालते? बदली माणूस पाठवता येतो का?
- महिन्याला अमुक रेफरल दिलेच पाहिजेत अशी सक्ती आहे का?
- मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? लेखी कुठे आहे?
- गटातल्या तीन जुन्या सदस्यांशी एकट्याने बोलता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले गेले तर निर्णय सोपा झाला.

लिंक्डइनचं वेगळं. तिथे सोशल सेलिंग इंडेक्स नावाचा १००पैकी गुण देणारा आकडा आहे, २०२४पासून ‘क्वीन्स’सारखी रोजची कोडीही आहेत. कोडं सुटलं म्हणून जुन्या सहकाऱ्याची फिरकी घेता आली तर घ्या, बोलायला तेवढंच निमित्त. आपल्या वहीत मात्र त्याला शून्य. असल्या आकड्यांचं आयुष्य किती असतं ते क्लाउटने दाखवलं आहे. २००८मध्ये सुरू झालेली ही सेवा माणसाच्या ऑनलाइन वजनाला १ ते १००मध्ये गुण देई आणि ते वाढवण्यासाठी लोक दिवसदिवस पोस्ट टाकत. मे २०१८मध्ये ती बंद झाली आणि जमवलेले गुण हवेत गेले.

रडीचे डाव

- बॉट वापरणं. आपोआप रिक्वेस्ट पाठवणारी सॉफ्टवेअरं लिंक्डइनच्या नियमांत बसत नाहीत. खातं अडकलं तर खऱ्या ओळखीही अडकतात.
- रेफरलची सक्ती भागवायला खोटी नावं देणं. ज्याच्याकडे पाठवलंत त्याचा वेळ जातो, तुमचा शब्द हलका होतो.
- कंपनीची ग्राहकयादी स्वतःच्या वहीत उतरवणं. नोकरीच्या करारात गोपनीयतेचं कलम बहुधा असतं. सहकारी तुमचे, यादी कंपनीची.
- ‘बिझनेस ऑपॉर्च्युनिटी’. जुना मित्र अचानक कॉफीला बोलावतो, कसलं काम ते सांगत नाही आणि तिथे तिसराच माणूस वर्तुळं काढून दाखवायला लागतो. एकच प्रश्न विचारा: कमाई माल विकून होते की माणसं जोडून? माणसं जोडून असेल तर उठा. अशा साखळ्यांना १९७८चा प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा लागू होऊ शकतो, आणि २०२१च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे.
- व्यवसायाची आचारसंहिता विसरणं. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना २००२च्या आचारसंहितेने मना आहे. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी आणि सीएंना १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने काम मागत फिरण्यावर बंधनं आहेत. रेफरल मोजणाऱ्या गटात जाण्याआधी या मंडळींनी आपापल्या परिषदेचे चालू नियम वाचावेत. गटाचा अध्यक्ष ‘चालतं हो’ म्हणाला, एवढ्यावर विसंबू नये.

तुमचे हक्क

- माहितीवर ताबा. कार्यक्रमाच्या ॲपने किंवा क्लबाने तुमचा नंबर, फोटो, गुण घेतले, तर ते कशासाठी हे सांगायला हवं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा, माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा आणि तक्रारीचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तरी ‘माझं नाव यादीतून काढा’ अशी लेखी विनंती आजही करता येते, आणि करावी.
- गुणफलकावर नाव नको म्हणणं. ऑफिसात ‘कोणी किती कॉन्टॅक्ट आणले’ असा फलक लावला असेल, तर त्याचा अप्रेझलशी संबंध आहे का, हे एचआरला ईमेलवर विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका.
- नकोशी जवळीक नाकारणं. ‘नेटवर्किंग डिनर’च्या नावाखाली ऑफिसच्या कामात त्रास झाला, तर २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा ऑफिसच्या चार भिंतींबाहेरच्या, कामानिमित्त गेलेल्या जागीही लागू होतो.
- फसवणुकीची तक्रार. ‘नोकरी लावतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा ऑनलाइन गंडा पडला, तर ताबडतोब १९३० वर फोन करा किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

तीन महिन्यांनी वही उघडा

एकूण गुण किती झाले ते पाहू नका, ते भिडूला सांगून झालेले असतात. तीन गोष्टी पाहा. ख गटातली किती नावं पुन्हा बोलती झाली? कोणाकडून तुम्हाला न मागता काही आलं? आणि कोणता निरोप केवळ गुणांसाठी पाठवला होता? तो प्रकार पुढच्या तिमाहीत शून्यावर आणा. सवय अंगवळणी पडली असं वाटलं तर गुण बंद करून नुसती यादी ठेवली तरी चालते. बऱ्याच जणांचा खेळ सहा-आठ महिन्यांत असाच सुटतो, आणि ते बरंच आहे.

वाचकांचे आणखी दोन प्रश्न

*‘द्यायला माझ्याकडे काहीच नाही. नुकताच पास झालोय. मग ४ आणि ६ गुण मिळवायचे कसे?’* तुमच्या बॅचमधलं कोण कुठे लागलं, कोणती कंपनी कॅम्पसला कधी आली, तिने काय विचारलं, ही माहिती मागच्या आणि पुढच्या बॅचला सोन्यासारखी असते. वरिष्ठांनाही नव्या सॉफ्टवेअरमध्ये अडतं. तिथे अर्धा तास बसून दाखवा.

*‘उत्तरच आलं नाही, तर किती वेळा आठवण करायची?’* दहा दिवसांनी एकदा, तीही ‘निरोप पाहिलात का?’ अशी नव्हे, तर काही नवं सांगून. त्यानंतर सहा महिने थांबा. त्या नावापुढे तारीख आणि काय विचारलं होतं ते लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा लिहाल तेव्हा तोच प्रश्न दुसऱ्यांदा जाणार नाही.